नवस नाही, तर डोंगर कशाला?

नरडाण्यात विनाकारण चालणाऱ्या माणसाची लोकांना काळजी वाटते. स्टेशनच्या दिशेने निघालात, तर "कोणती गाडी, सुरत का भुसावळ?" अशी चौकशी होते. हायवेच्या कडेने निघालात, तर मोटारसायकल शेजारी येऊन थांबते, "गाडी बंद पडनी का? बठा मांगे." एमआयडीसीकडे वळलात, तर माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही "नोकरी लागनी का?" असं विचारणारे भेटतात. आणि यातलं काहीच नाही, मी आपला नुसताच चालतोय, असं सांगितलं, की विचारणाऱ्याचा आवाज एकदम खाली येतो. "साखर कितली निंघनी?"

मला साखर नाही. मला भाचा आहे.

भाचा जर्मनीत कोब्लेन्झला असतो आणि सुट्टीच्या दिवशी चालतो. तिथे मोझेल नावाची नदी आहे, तिच्या काठांना उभे डोंगर, डोंगरांवर द्राक्षं आणि द्राक्षांमधून पायवाट. या पायवाटेला त्यांनी नाव दिलंय, पाट्या लावल्यात, 2014 साली ती रीतसर सुरू केलीय. आमच्याकडे पायवाट गुरं सुरू करतात. मोझेलची पायवाट 365 किलोमीटरची, टप्पे 24. म्हणजे रोज एक किलोमीटर चाललं तर वर्ष सरतं आणि लीप वर्षात एक दिवस सुट्टी मिळते. ब्रेम गावाच्या डोक्यावर काल्मोंट नावाचा द्राक्षमळा आहे, युरोपातला सगळ्यांत उभा मळा म्हणून त्याची ख्याती. भाचा एका गावात बसमधून उतरतो, डोंगर चढतो, पुढच्या गावात खाली येतो, रीसलिंग नावाच्या वाइनचा एक पेला घेतो आणि बसने घरी जातो. वर बसथांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटोही पाठवतो. त्यात 14:07 असं छापलेलं असतं.

दोन वाजून सात मिनिटं! त्या सात मिनिटांनी माझी झोप उडवली. आमच्याकडच्या वेळा म्हणजे "दोनच्या सुमारास", "जेवणं झाली की", "ऊन उतरलं म्हणजे". मिनिटांत वेळ फक्त लग्नपत्रिकेवर छापतात, आणि 12 वाजून 35 मिनिटांच्या मुहूर्ताला अडीच वाजता नवरदेव अजून घोड्यावर असतो.

"मामा, इथे पायवाट संपते तिथे बस उभीच असते," भाचा म्हणाला.

"आपल्याकडे बस संपते तिथे पायवाट सुरू होते. फरक काय पडला?" मी म्हणालो.

तो हसला, पण मी गंभीर होतो. नदी, डोंगर, द्राक्षं, वाइन आणि बस या पाचही गोष्टी आपल्याकडे आहेत. एका ठिकाणी नाहीत, एवढंच. नरडाण्याला तापी जवळ आहे, डोंगर म्हणावा तर सोनगीरचा किल्ला आहे, पण शेतात कापूस. कापसाची वाइन अजून निघालेली नाही. सातपुड्यात मोहाची निघते, पण तिचा पेला हातात धरून भाच्याला फोटो पाठवला असता, तर तो आधी त्याच्या आईला गेला असता.

तेव्हा नाशिक. राजीव सामंतांनी 1997 मध्ये गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली, 2001 मध्ये सरकारने वाइनसाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि आता गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात जिकडेतिकडे वाइनचे कारखाने झालेत. शिवाय तिथले डोंगर खरेखुरे. सगळं आमच्याच मुंबई-आग्रा हायवेवर. रेल्वेने जायचं तर आधी पूर्वेला जळगाव गाठायचं आणि मग तेवढंच उलटं पश्चिमेला यायचं. नरडाण्यावरून थेट मनमाडकडे जाणारी लाइन होणार आहे, असं माझ्या आजोबांनी ऐकलं होतं. 2024 च्या सप्टेंबरात 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर पेढे वाटले. आजोबांच्या फोटोपुढेही एक ठेवला.

त्याच टपरीवर मी हाइकिंगचा विषय काढला. श्रोते दोन. आप्पा, वय शहात्तर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. आणि जिभाऊ, वय सदुसष्ट, कापूसवाले.

"ते काय ऱ्हास?" जिभाऊंनी विचारलं.

"डोंगरात पायी फिरायचं."

"नवस शे का?"

"नाही."

"वनखातानं काम?"

"नाही हो."

"मंग काबर?"

जिभाऊंना आळशी समजू नका. चैत्रात सगळा खान्देश सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतो. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून झेंडे घेतलेली माणसं उन्हातान्हात हायवेच्या कडेने चालत असतात, रात्री पेट्रोल पंपाच्या आवारात झोपतात आणि पहाटे पुन्हा निघतात. जिभाऊ त्यात कैक वर्षं चाललेत. पायाला फोड आले, बोटाचं नख गेलं, पण किती किलोमीटर झाले हे त्यांनी कधी मोजलं नाही आणि कोणाला फोटो पाठवला नाही. त्यांना चालण्याचं वावडं नाही. विनाकारण चालण्याचं आहे.

आप्पांनी होकार दिला, कारण वाटेत किल्ला होता. जिभाऊंनी दिला, कारण आप्पा येणार होते. राहिली घरची परवानगी.

"वाइन म्हणजे दारू नव्हे," मी बायकोला सांगितलं. हे वाक्य माझं नाही. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा ते महाराष्ट्रात महिनाभर घुमत होतं.

"दारू नाही?"

"नाही."

"मग सरबत आहे का?"

"सरबतही नाही."

"मग पिता कशाला?"

विरोधी पक्षाला हा प्रश्न सुचला नव्हता. तो निर्णय पुढे अमलात आला नाही तो उपोषणाच्या इशाऱ्यांमुळे, असं वर्तमानपत्रं म्हणाली. माझा संशय मंत्र्यांच्या स्वयंपाकघरांवर आहे. शेवटी बायको म्हणाली, "मी पण येते. तुम्हाला तिथून परत कोण आणणार?"

सरावासाठी आम्ही सोनगीरला गेलो. हायवेवर बसमधून उतरलं की समोर किल्ला. हाइकिंगच्या दृष्टीने याहून आदर्श जागा जर्मनीतही नसेल. पण किल्ला आणि हायवे यांच्यामध्ये सोनगीर गाव आहे आणि सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे. बायकोने पहिल्याच दुकानात पितळेची घागर बघितली. "येताना घेऊ," मी म्हणालो. "येताना दुकान बंद झालं तर?" ती म्हणाली. सकाळचे नऊ वाजले होते. सोनगीरचा किल्ला मी घागर खांद्यावर घेऊन चढलो. वर भलीमोठी विहीर आहे. तिथे बसलेल्या पोरांपैकी एकाने माझ्याकडे बघून दुसऱ्याला सांगितलं, "या विहिरीचं पाणी भरायला अजून येतात लोक."

नाशिकला निघायच्या दिवशी शिरपूरकडून येणारी गाडी वेळेवर आली. आम्ही या प्रसंगासाठी मुळीच तयार नव्हतो. गाडी अर्धा तास उशिरा येणार हे गृहीत धरून जिभाऊंनी दुसरा चहा सांगितला होता, आप्पा पेपरचं आतलं पान वाचत होते आणि मी कोणाची तरी ओळखीची मुलगी कोणत्या कॉलेजात आहे याची माहिती घेत होतो. गाडी आली, थांबली, गेली. "इतकी काय घाई होती त्याला?" आप्पा गाडीच्या धुरळ्याकडे बघत म्हणाले.

पुढची गाडी मिळाली तेव्हा सामानाचा प्रश्न उभा राहिला. भाच्याच्या पाठपिशवीत एक सफरचंद आणि पाण्याची बाटली असते. आमच्याकडे बट्ट्यांचा डबा, वरणाची किटली, कळण्याच्या भाकऱ्या, ठेचा, मेहुण्यासाठी वांगी, मेहुण्याच्या बायकोसाठी बिबडे आणि "असू द्या" या सदरात मोडणाऱ्या दोन पिशव्या. वांगी कशाला, नाशिकला वांगी मिळत नाहीत का, असं मी विचारलं. भरताच्या वांग्यांबद्दल नाशिकवर विश्वास ठेवायला बायको तयार नव्हती.

कंडक्टर तिकिटं फाडायला आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी मोफत, म्हणून आप्पा फुकट. पासष्टीच्या वर अर्धं तिकीट, म्हणून जिभाऊ अर्धे. महिलांना 2023 पासून अर्धं, म्हणून बायको अर्धी. "आणि तुम्ही?" कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी पुरुष, अठ्ठावन्न वर्षांचा, धडधाकट. "पूर्ण," मी म्हणालो. त्याने हळहळून तिकीट दिलं. आजूबाजूच्या सीटवरूनही सहानुभूतीचे दोन-तीन सुस्कारे ऐकू आले. साऱ्या गाडीत पूर्ण तिकिटाचा मी एकटाच असेन.

धुळ्याला एक मावशी चढल्या आणि बायकोशेजारी बसल्या. त्यांनी डबे बघितले, आप्पांची काठी बघितली, जिभाऊंच्या पायातले नवेकोरे बूट बघितले आणि निकाल दिला, "देवीले चालनात."

इथे बायकोला वाइनचं नाव घेता येईना. "हो मावशी," ती म्हणाली.

पुढचं सगळं या दोन शब्दांतून उद्भवलं. मावशींचे गुडघे गेले होते, गडावर जाणं होत नव्हतं, आणि गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणात बोललेला नारळ तसाच राहिला होता. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, वर अकरा रुपये ठेवले. "मन्हा नावनं फोडज्यात. परसाद मातर लई या बरं. मी झोडगानी." पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मान वळवली. त्यांच्या मुलाची बारावी होती. लळिंगला उतरणाऱ्या पोराची म्हैस हरवून सापडली होती. ज्यांच्याकडे नारळ नव्हता त्यांनी पैसे दिले, आणि मालेगावच्या स्टँडवर जिभाऊंनी खाली उतरून, घासाघीस करून, घाऊक भावात नारळ आणले. राहूडचा घाट चढताना कंडक्टर आमच्याजवळ आला. मला वाटलं, जादा सामानाचं तिकीट फाडतोय. त्याने खिशातून एकवीस रुपये काढले आणि हळूच म्हणाला, "बदलीचं काम आहे."

चांदवडच्या पुढे डावी-उजवीकडे द्राक्षबागा सुरू झाल्या, सातमाळ्याच्या रांगेतला धोडप त्याच्या खाचेसकट दिसू लागला, आप्पा काचेला नाक लावून एकेका किल्ल्याचं नाव सांगू लागले. आमच्यापैकी कोणाचंही लक्ष नव्हतं. जिभाऊ कापसाच्या वजनाच्या वहीत नारळांचे हिशेब लिहीत होते. गाव, कारण, रक्कम, प्रसाद कुठे पोहोचवायचा.

मेहुणा सिडकोत राहतो. नाशिकच्या सिडकोत अर्धा खान्देश राहतो, त्यामुळे पत्ता विचारताना मराठी बोलावं लागत नाही, अहिराणीवर भागतं. मेहुण्याने पाहुण्यांसाठी मटण आणलं होतं, खान्देशी काळ्या मसाल्याचं. जेवणं झाल्यावर बायकोच्या लक्षात आलं, की ज्या घरात मटण शिजलं त्या घरात देवीचे नारळ ठेवता येणार नाहीत.

"पण आपण खाल्लं ना मटण?" मी म्हणालो.

"आपण खाल्लं. नारळांनी नाही खाल्लं."

रात्री नारळ जिन्यावरच्या लोखंडी कठड्याला बांधून ठेवले आणि सकाळी आमच्याबरोबर रामशेजला निघाले.

रामशेज नाशिकपासून जवळ, पेठ रस्त्याला. बस आशेवाडीच्या फाट्याला सोडते, तिथून गाव ओलांडलं की चढ. सोपा किल्ला आहे, सगळी पुस्तकं तसं म्हणतात. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या पाठीवर पोतंभर नारळ नसतात. मुंबईकडची काही पोरं दोन्ही हातांत काठ्या घेऊन आम्हाला मागे टाकून गेली. त्यातल्या एकाने पिशवीला हात लावून बघितला. "काका, वेट ट्रेनिंग का?" दुसरा म्हणाला, "नाही रे, विकायला नेत असतील वर." अर्ध्या वाटेवर गुहेत रामाचं मंदिर आहे. तिथल्या बाईंनी नारळ फोडायची जागा दाखवली. हे इथले नाहीत, हे दुसऱ्या देवीचे आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू आम्ही एकाच्या लग्नाचा आहेर दुसऱ्याच्या मांडवातून मिरवत नेतोय.

आप्पांना दम लागला की ते इतिहास सांगायला थांबत. चढ जितका उभा, तितका इतिहास लांब. पहिल्या थांब्यावर 1682 साल आलं: संभाजी महाराजांचा काळ, औरंगजेबाच्या सरदाराचा वेढा, आणि हा एवढासा किल्ला पाच-सहा वर्षं लढला. दुसऱ्या थांब्यावर तोफा. किल्ल्यावर धड लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या केल्या आणि चामड्याने मढवल्या. तशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करायची, असं मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो.

"चामडं जळायचं नाही?" जिभाऊंनी विचारलं.

"तो पुढचा थांबा," आप्पा म्हणाले.

पण पुढच्या थांब्यावर त्यांना मांत्रिक आठवला. किल्ला काही केल्या पडेना, तेव्हा बहादूरखान नावाच्या सरदाराने एका मांत्रिकावर भिस्त ठेवली. मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून मागितला. तो नाग हातात धरून मांत्रिक पुढे, फौज मागे. अर्ध्या चढावर वरून गोफणीचा दगड आला, मांत्रिकाच्या छातीत बसला, मांत्रिक एकीकडे पडला आणि नाग दुसरीकडे.

जिभाऊ उभेच राहिले. "शंभर तोळा?"

"शंभर."

"आनी मंग त्या नागनं काय व्हयनं?"

"ते खाफीखानाने लिहिलेलं नाही."

यानंतर जिभाऊंनी निसर्गसौंदर्य बघितलं नाही. माथ्यावर पोहोचलो. समोर भोरगड, खाली सगळीकडे आखून दिलेले द्राक्षांचे चौकोन, लांबवर पाणी चमकतंय, वारा सुटलाय, आणि भाचा ज्यासाठी चालतो ते सगळं आमच्या पुढ्यात पसरलंय. मी त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. कोपऱ्यात नारळांचं पोतं आलं. "मामा, हा कोणता टप्पा?" त्याने विचारलं. जिभाऊ मात्र उतरणीवर पूर्ण वेळ काठीने पालापाचोळा बाजूला सारत होते. "तीनशे वर्षं झाली हो," आप्पा म्हणाले. "सोनं कुजस का?" जिभाऊ म्हणाले.

दुपारी जीप करून आम्ही वाइनच्या एका मळ्यावर पोहोचलो. नाव सांगत नाही, बिचाऱ्यांनी आमच्याशी चांगलंच वागायचा प्रयत्न केला. दारावरच्या रखवालदाराने पिशवी अडवली.

"बाहेरचं खायचं आत नेता येत नाही."

"हे खायचं नाही."

"मग काय आहे?"

"देवीचं आहे."

त्याने पिशवीला नमस्कार केला. "मग तर मुळीच नेऊ नका."

"तुमच्यापाशी ठेवतो."

"माझ्यापाशी? दारूच्या कंपनीच्या दारात देवीचे नारळ? मला लेकरंबाळं आहेत, साहेब."

वाइन म्हणजे दारू नव्हे, हे सरकारने आणखी एका माणसाला पटवून द्यायचं राहिलं होतं. शेवटी जिभाऊ पिशवीवर हात ठेवून फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. "तुम्ही जा. मी आठे कापूसना भाव दखस," ते मोबाइल काढत म्हणाले.

आत एका मुलाने आम्हाला मळा दाखवला. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतात, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा ओसरला की. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात, आपल्याकडे थंडी सरता सरता. म्हणजे भाच्याच्या वेली बर्फात झोपलेल्या असतात तेव्हा नाशिकच्या कामाला लागलेल्या असतात. हे ऐकून मला जरा अभिमान वाटला, तेवढ्यात बायकोने शिराझचा एक मणी तोडून तोंडात टाकला. बारीक मणी, जाड साल आणि आत बिया. "अहो, हे फसवतायत. बाजारात बिनबियांची सोनाका मिळते आणि यांच्याकडे ही जुनाट जात." मुलाने सांगितलं की वाइनला सालीत आणि बियांतच मजा असते. बायकोने बिया थुंकून त्याच्या हातात दिल्या.

मग चव घ्यायचा कार्यक्रम. समोर ग्लास, ग्लासात तळाला नावापुरती वाइन. आधी रंग बघा, मग ग्लास गोल फिरवा, मग वास घ्या, मग एक घोट तोंडात घोळवा.

"प्यायची कधी?" आप्पांनी विचारलं.

"घोळवून झाल्यावर, सर. नाही आवडली तर या भांड्यात थुंकायची."

आप्पा भांड्याकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी वर्गात पोरांना 'थुंकू नये' हे शिकवलं होतं.

"आता सांगा, कशाचा वास येतोय?" मुलगा उत्साहाने म्हणाला. "पेरू येतोय? ढोबळी मिरची? ओलं गवत?"

"एवढं सगळं घातलंय त्यात?" बायकोने विचारलं.

"नाही मॅडम, फक्त द्राक्षं."

"मग द्राक्षांचा वास येतो का?"

"द्राक्षांचा... तसा नाही येत."

बायकोने एक थेंब जिभेला लावला. आम्ही श्वास रोखून धरला. "आंबलंय हे," तिने सांगितलं.

"बरोबर मॅडम, आंबवूनच करतात!"

"आमच्याकडे आंबलं की म्हशीपुढे ठेवतो."

मुलाने खाली मान घालून पुढची बाटली उघडली. आप्पांनी तोवर एक शोध लावला होता, की भांड्यात थुंकण्याची सक्ती नाही. तिसऱ्या ग्लासाला त्यांना रामशेजच्या तोफांचं चामडं का जळत नसे हे अचानक आठवलं आणि ते त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या जोडप्याला सविस्तर सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र काही ते स्पष्ट ऐकू आलं नाही, कारण मी बायकोसमोर एकच ग्लास मनापासून घोळवत होतो. गिळला असता, तर संपला असता.

बाहेर आल्यावर जिभाऊंनी चौकशी केली. बिलाचा आकडा ऐकला, भांड्याचं ऐकलं. "थुकाना पैसा लेतस?" ते म्हणाले. आणि मग बराच वेळ, "नरडाणाना स्टँडवर लोके फुकट थुकतस, त्यास्ले हाई सांगाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गड. दिंडोरी, वणी, नांदुरी करत बस थेट गडावर जाते. तिथून देवीपर्यंत पाचशे दहा पायऱ्या, आणि 2018 पासून रुळांवरून सरसर वर जाणारी ट्रॉलीही आहे. इथे आमच्यात धर्मशास्त्रीय पेच पडला. आम्ही ट्रॉलीने जायला हरकत नव्हती, पण नारळांचं काय? नवसाच्या नारळाने पायऱ्या चढल्या पाहिजेत की त्याला ट्रॉली चालते?

"नवस बोलताना ट्रॉली नव्हती," बायको म्हणाली.

"झोडग्याच्या मावशींचे गुडघे गेलेत," आप्पा म्हणाले. त्यांना पायऱ्या बघूनच इतिहास आठवायला लागला होता. "त्या स्वतः आल्या असत्या तर ट्रॉलीनेच गेल्या असत्या. नारळ त्यांच्या वतीने आलाय. सबब, गुडघेदुखीवाल्यांचे नारळ ट्रॉलीने."

वही उघडली. गुडघे, कंबर आणि धाप अशा कारणांचे नारळ आप्पांबरोबर ट्रॉलीने गेले. बारावी, म्हैस आणि बदली हे तिघे धडधाकट, म्हणून पायऱ्यांनी, माझ्या खांद्यावरून. पूर्ण तिकिटाच्या माणसाला इथेही सवलत नव्हती.

वर अठरा हातांची देवी, डोळे भरून दर्शन, आणि मग जिभाऊंनी वही काढून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की नावं कोणाचीच लिहिलेली नव्हती. झोडग्याची मावशी, बारावीचा बाप, म्हशीवाला, बदलीवाला. जिभाऊंनी ती यादी तशीच खणखणीत आवाजात वाचली. देवीला इतकं कळत असेल, असं ते म्हणाले, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनाही ते पटलं.

प्रश्न प्रसादाचा उरला. खोबऱ्याचे तुकडे पोहोचवायचे, तेही नावाशिवाय. कंडक्टरला गाठणं सोपं होतं. त्याचा प्रसाद घेऊन आम्ही स्टँडवर उभे राहिलो आणि तिसऱ्या गाडीत तो भेटला. बदली अजून झालेली नव्हती, पण खोबरं त्याने आनंदाने खाल्लं. बारावीचा बाप हायवेपासून आत, शेतांतून दोन-तीन किलोमीटरवर राहत होता. चालत गेलो. लळिंगचा पोरगा म्हशी घेऊन किल्ल्याकडे गेलाय असं त्याच्या आईने सांगितलं, म्हणून लळिंगचा किल्ला चढलो. म्हैस अर्ध्या डोंगरावर भेटली, पोरगा माथ्यावर. तिथून धुळं, पांझरेचं पात्र आणि आग्रा रोडवरून धावणाऱ्या लाल गाड्या दिसत होत्या. आप्पांनी फारुकी राजे सुरू केले. पोराने खोबरं खाऊन म्हशीलाही थोडं दिलं.

वाटेत अनेकांनी थांबवून विचारलं, कुठे निघालात. "गडना परसाद देवाले," जिभाऊ सांगत. लगेच खाट टाकली जाई, पाणी येई, चहा होई, एकाने तर भरीत-भाकर खाऊ घातली. पायवाटेवर पाट्या नव्हत्या, पण प्रत्येक बांधावर एक माणूस होता आणि तो अर्धा किलोमीटर बरोबर येऊन रस्ता दाखवत होता, मग तिथला दुसरा माणूस ताब्यात घेत होता.

झोडग्याला सगळ्यात शेवटी गेलो. तिथलं माणकेश्वराचं जुनं कोरीव दगडी देऊळ आप्पांना आधी बघायचं होतं, त्यात ऊन झालं. मावशींचं घर गल्लीत तिघांना विचारून सापडलं. नातू पाळण्यात होता. त्यांनी प्रसाद डोळ्यांना लावला, सगळ्यांना वाटला, आम्हाला दूध दिलं. मग आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात नारळ घेऊन.

"तुम्ही फिरतच ऱ्हातस," त्या म्हणाल्या, "तं हाऊ मनुदेवीले लई जा."

मनुदेवी म्हणजे यावल तालुक्यात, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाळ्यात धबधबा असतो, वाट रानातून जाते. मी काही बोलायच्या आत बायकोने नारळ माझ्या पिशवीत टाकला, आप्पांनी तिथला इतिहास काय याचा विचार सुरू केला, आणि जिभाऊ वहीचं कोरं पान काढून मावशींना विचारत होते, "तठे सोन्याबिन्याचं काही पडेल शे का?"